पुठ्ठ्यावरचा मोर ते एसएसडी : निर्दोष नक्कल करण्याचा इतिहास आणि सोलापूर (थ्रेड)

१/
सोलापुरी चादरीवरचा मोर सुतात उतरण्यापूर्वी पुठ्ठ्यावरच्या छिद्रांत नोंदवलेला असतो. छिद्रे बिघडली की मोर बिघडतो. म्हणून जुना पुठ्ठा निकामी होण्याआधी त्याची हुबेहूब नक्कल नव्या पुठ्ठ्यावर उतरवणे हे मागाच्या धंद्यातले जुने आणि जोखमीचे काम आहे. आज संगणकाची हार्ड डिस्क एसएसडीवर उतरवताना जे नियम पाळावे लागतात, त्यांतले बरेचसे या कामात आधीपासून दिसतात. त्या नियमांचा हा इतिहास. 🧵

२/
प्रथम गावाविषयी. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. पुढे तीच 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेली. नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्यांनी गावाला गिरणगावाचे रूप दिले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि नंतर यंत्रमाग वाढवले. मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तरी चादर आणि टॉवेल टिकून राहिले.

३/
भौगोलिक मानांकनाचा कायदा भारतात २००३ मध्ये अमलात आला. त्याखाली अगदी सुरुवातीला ज्या वस्तूंची नोंद झाली, त्यांत सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल आहेत. चादरीची ओळख तिच्या नक्षीत आहे आणि ही नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. ती विणणारे यंत्र म्हणजे मागाच्या माथ्यावर बसवलेले जॅकार्ड.

४/
जॅकार्डचे तत्त्व सोपे आहे. आडवा धागा जाण्यापूर्वी उभ्या ताण्यातले कोणते धागे वर उचलायचे, हे एक पुठ्ठा ठरवतो. पुठ्ठा सुयांच्या रांगेवर दाबला जातो. जिथे छिद्र आहे तिथे सुई आरपार जाते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि धागा उचलला जातो. जिथे छिद्र नाही तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. छिद्र किंवा छिद्राचा अभाव, एवढ्या दोनच चिन्हांची ही लिपी आहे.

५/
ही लिपी एका माणसाने एका दिवसात शोधली नाही. फ्रान्समधील ल्यों शहरात बाझिल बूशों याने १७२५ मध्ये छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीचा वापर केला. १७२८ मध्ये फाल्कों याने पट्टीऐवजी एकमेकांना जोडलेले पुठ्ठे आणले. वोकाँसों याने त्यात भर घातली. या सर्वांचा उपयोग करून जोझेफ मारी जाकार याने १८०४ मध्ये जे यंत्र सिद्ध केले, त्याला त्याचे नाव लाभले.

६/
नक्षीकार आधी चौकटीच्या कागदावर चित्र रंगवतो. कागदावरची एक ओळ म्हणजे एक आडवा धागा, आणि साधारणतः एक आडवा धागा म्हणजे एक पुठ्ठा. ती ओळ वाचत पुठ्ठ्यावर छिद्रे पाडली जातात. मग शेकडो, कधी हजारो पुठ्ठे दोऱ्यांनी ओवून त्यांची माळ केली जाते. माळ फिरत राहते आणि नक्षी पुन्हा पुन्हा उमटते.

७/
ही माळ म्हणजे कारखान्याची पुंजी. सूत पुन्हा विकत मिळते, मागाचा भाग पुन्हा बसवता येतो. पण नक्षीची माळ खराब झाली आणि चौकटीचा कागदही उरला नसेल, तर ती नक्षी संपली. दमट हवेने पुठ्ठा वाकतो, सतत दाबाने छिद्रांच्या कडा फाटतात, ओवलेले दोरे तुटतात. त्यामुळे माळ चालती असतानाच तिची नक्कल करावी लागते.

८/
यासाठी नक्कल-यंत्रे तयार झाली. जुनी माळ एका बाजूने आत जाते, सुया तिची छिद्रे चाचपतात आणि त्याच जागी कोऱ्या पुठ्ठ्यावर छिद्रे पाडली जातात. या यंत्राला मोर कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. छिद्राच्या जागी छिद्र आणि कोऱ्या जागी कोरे, एवढेच ते पाहते. संगणकाच्या भाषेत ज्याला आज 'सेक्टर-टू-सेक्टर' नक्कल म्हणतात, तिचा हा पूर्वज म्हणता येईल.

९/
या कामात चुका तीन प्रकारच्या होतात. एक छिद्र कमी-जास्त झाले, तर प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी दोष उमटतो. पुठ्ठ्यांचा क्रम चुकला, तर कापडावर आडवी रेघ दिसते. आणि फाटलेल्या छिद्रासकट नक्कल झाली, तर जुना दोष नव्या पुठ्ठ्यावर कायमचा बसतो. तिसरी चूक सर्वांत फसवी असते, कारण नवा कोरा पुठ्ठा पाहून कोणाला शंका येत नाही.

१०/
तपासणीचा मार्गही साधा आहे. जुना आणि नवा पुठ्ठा एकावर एक ठेवून प्रकाशासमोर धरायचा. सर्व छिद्रांतून उजेड आला आणि मोजणी जुळली की नक्कल बरोबर. तरीही खरी परीक्षा मागावरच होते. नव्या माळेवर चादरीचा पूर्ण नमुना विणून निघेपर्यंत जुनी माळ टाकून देणे हे धाडसाचे काम ठरते.

११/
आणखी एक गोष्ट. पुठ्ठ्यांची माळ एकटी पुरत नाही. जॅकार्डला किती आकडे आहेत आणि त्या आकड्यांना ताण्याचे धागे कोणत्या क्रमाने बांधले आहेत, यावर सगळे अवलंबून असते. एका बांधणीसाठी कापलेले पुठ्ठे वेगळ्या बांधणीच्या मागावर चढवले तर नक्षीचा चुथडा होतो. नोंद आणि ती वाचणारे यंत्र, दोन्ही जुळावे लागतात. हा मुद्दा पुढे संगणकातही येतो.

१२/
नकलेतल्या दोषांची चिंता महाराष्ट्राला त्याआधीही ठाऊक होती. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झाली. पुढची सुमारे तीनशे वर्षे ती हाताने उतरवली जात राहिली. प्रत्येक लेखकाने एखादा शब्द चुकवला, एखादा बदलला, कोणी स्वतःची ओवीही घातली. नकलेची नक्कल होत गेली तसे दोषही वाढत गेले.

१३/
पैठणच्या संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, उपलब्ध पोथ्या ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे कोणी त्यात स्वतःची भर घालू नये असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला. एकाच पोथीवर विश्वास न ठेवता अनेक पोथ्या एकमेकींशी ताडून पाहणे ही त्यांची रीत. नक्कल करणे आणि नक्कल तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या प्रसंगातून स्पष्ट दिसते.

१४/
पुठ्ठ्यांकडे परत. १८३९ मध्ये ल्यों येथे जाकारचे रेशमी चित्र विणले गेले. त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. इंग्लंडमधील गणिती चार्ल्स बॅबेज यांनी त्याची एक प्रत मिळवली होती. त्यांच्या नियोजित गणनयंत्रालाही अशाच पुठ्ठ्यांनी आज्ञा दिल्या जाणार होत्या. ते यंत्र पूर्ण झाले नाही, पण मागाची लिपी गणिताला चालते ही कल्पना रुजली.

१५/
अमेरिकेत हर्मन हॉलरिथ यांनी १८९० च्या जनगणनेची माहिती छिद्रित कार्डांवर नोंदवून यंत्राने मोजली. त्यांची कंपनी पुढे इतर कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ मध्ये त्या उद्योगाने आयबीएम हे नाव घेतले. कार्डांच्या गठ्ठ्यातून हवे ते एक कार्ड शोधायला मात्र गठ्ठा चाळावा लागे. ही अडचण दूर करण्यासाठी फिरती तबकडी आली.

१६/
१९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक संगणकासोबत जगातील पहिली व्यावसायिक हार्ड डिस्क आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, एक टनाच्या आसपास वजन आणि साठवण ५० लाख अक्षरांची. आज मोबाइलमधले एखादे छायाचित्रही तेवढी जागा घेते. पुठ्ठ्यावरच्या छिद्राची जागा चुंबकीय ठिपक्याने घेतली. दोन चिन्हांची लिपी तीच राहिली.

१७/
हार्ड डिस्कमध्ये तबकडी वेगाने फिरते आणि वाचक टोक तिच्यावर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगते. धक्का बसला, कंप पोहोचला, तर टोक तबकडीला घासू शकते. घासलेल्या जागेवरची माहिती परत येत नाही. यंत्रमागाच्या शेडशेजारच्या कार्यालयात, जिथे जमीन दिवसभर हादरते, तिथे ही रचना नाजूकच ठरते.

१८/
१९८३ मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या वस्त्रयंत्र प्रदर्शनात बोनास या ब्रिटिश कंपनीने पहिले इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड मांडले. आकडे उचलण्याची आज्ञा आता पुठ्ठ्याऐवजी संगणकाच्या फाइलमधून येऊ लागली. भारतात १९९९ पासून वस्त्रोद्योगाच्या तांत्रिक उन्नयनासाठी केंद्र सरकारची अर्थसाहाय्य योजना सुरू झाली. हळूहळू नक्षी पुठ्ठ्यावरून फ्लॉपीवर, पेन ड्राइव्हवर आणि संगणकाच्या हार्ड डिस्कवर गेली.

१९/
पुठ्ठ्याचा दोष डोळ्यांना दिसतो. हार्ड डिस्कचा दिसत नाही. माळ हळूहळू झिजते आणि तशी सूचना देते. डिस्क कधीकधी एका सकाळी सुरूच होत नाही. ज्या संगणकावर वर्षानुवर्षांच्या नक्षी, त्या उघडणारे जुने सॉफ्टवेअर, त्याचा परवाना आणि हिशेबाच्या वह्या एकत्र आहेत, त्याची डिस्क म्हणजे एकाच खुंटीला टांगलेल्या सगळ्या माळा.

२०/
दरम्यान जपानमध्ये तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृतीचा शोध जगापुढे मांडला. १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार आला. वीज गेली तरी माहिती राहते आणि आत फिरणारा एकही भाग नाही, हे तिचे वैशिष्ट्य. १९९१ मध्ये आज सॅनडिस्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने आयबीएमसाठी २० एमबीची फ्लॅश डिस्क दिली. आजच्या एसएसडीचा वंश तिथून सुरू होतो.

२१/
एसएसडी स्वस्त झाल्यावर जुन्या संगणकाला नवे आयुष्य देण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणून तिच्याकडे पाहिले जाऊ लागले. प्रश्न असा की जुन्या डिस्कवरचे सगळे नव्यावर न्यायचे कसे? फाइली निवडून उतरवल्या तर दस्तऐवज येतात; संगणक सुरू करणारा भाग, लपलेले विभाग, बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या नोंदी येत नाहीत. ते म्हणजे बांधणी सोडून नुसते पुठ्ठे नेल्यासारखे. सगळे जसेच्या तसे न्यायचे तर क्लोन करावा लागतो.

२२/
अशा नकलेचे सर्वांत जुने आणि आजही वापरात असलेले साधन म्हणजे युनिक्समधील 'डीडी' ही आज्ञा. १९७० च्या दशकात ती आली. तिच्या नावाचा संबंध आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरील 'डेटा डेफिनिशन' या आज्ञेशी जोडला जातो. नक्कल-यंत्राप्रमाणेच तिला अर्थाशी कर्तव्य नाही. कुठून आणि कुठे, ही दोन नावे उलटी पडली तर ती कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर निमूटपणे उतरवते. म्हणून तिला विनोदाने 'डिस्क डिस्ट्रॉयर' असे नाव पडले.

२३/
सामान्य वापरकर्त्यापर्यंत क्लोनिंग पोहोचवले ते 'घोस्ट' या सॉफ्टवेअरने. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे मरे हॅझर्ड यांनी ते १९९० च्या दशकाच्या मध्यात तयार केले. १९९८ मध्ये सिमँटेकने ते विकत घेतले आणि 'नॉर्टन घोस्ट' घरोघरी गेले. संगणक दुरुस्तीच्या दुकानांत 'घोस्ट मारणे' हा शब्दप्रयोगच रूढ झाला. आजची क्लोनिंगची साधने त्याच वाटेने आली आहेत.

२४/
आता नियम, आणि प्रत्येकामागचे कारण.

पहिला : मूळ डिस्कची प्रकृती आधी तपासावी. 'स्मार्ट' या स्वयंनिदान व्यवस्थेतून खराब झालेल्या जागांची संख्या कळते. डिस्क आजारी असेल तर साधा क्लोन घेऊ नये. खराब जागेवर पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करताना ती पूर्ण बंद पडू शकते. २००४ मध्ये आलेले 'डीडीरेस्क्यू' हे मुक्त साधन आधी चांगला भाग उतरवते, खराब जागांची नोंद ठेवते आणि त्यांच्याकडे शेवटी वळते.

२५/
दुसरा : क्लोन करण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची वेगळी प्रत तिसऱ्याच ठिकाणी असावी. क्लोन करताना दोन्ही डिस्क एकाच यंत्राला जोडलेल्या असतात आणि एक चूक दोन्हींना भोवू शकते. फाटलेली माळ नक्कल-यंत्रात घालण्याआधी शहाणा माणूस चौकटीचा कागद कपाटात आहे ना, हे पाहतो. तसेच हे.

२६/
तिसरा : दिशा दोनदा तपासावी. मूळ कोणती आणि लक्ष्य कोणती, हे कंपनीचे नाव, क्षमता आणि अनुक्रमांक पाहून ठरवावे. 'डिस्क ०' आणि 'डिस्क १' यांवर विसंबू नये. लक्ष्य डिस्कवरचे सगळे पुसले जाते. नव्या एसएसडीची क्षमता जुन्या डिस्कच्या एकूण क्षमतेहून कमी असली तरी काही साधने फक्त वापरलेली जागा उतरवून काम भागवतात. पण वापरलेल्या जागेपेक्षा एसएसडी मोठी असायलाच हवी.

२७/
चौथा : वीज. २००० च्या दशकात महाराष्ट्राने भारनियमनाचा जो काळ पाहिला, त्यात अर्ध्यावर थांबलेल्या कामाचा अर्थ सांगावा लागत नसे. अर्धवट क्लोन ही निरुपयोगी वस्तू आहे. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून चार्जर लावलेला ठेवावा, डेस्कटॉप असेल तर यूपीएस असावा. संगणक आपोआप झोपी जाण्याची सोय बंद करावी आणि काम चालू असताना यूएसबीची तार हलवू नये.

२८/
पाचवा : रांग जुळवणे. जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात डिस्कवरचा पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू होई. ५१२ बाइटच्या सेक्टरांना ते चालत असे. एसएसडी आतून ४,०९६ बाइट आणि त्याहून मोठ्या गटांत काम करते. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६, आणि त्याला ४,०९६ ने पूर्ण भाग जात नाही. असा विभाग जसाच्या तसा उतरवला की एका लेखनासाठी दोन गटांना हात लावावा लागतो. विंडोज व्हिस्टापासून सुरुवात एक एमबीवर आली आणि हा दोष टळला. जुना संगणक क्लोन करताना मात्र साधनातील 'अलाइनमेंट'चा पर्याय पाहावा.

२९/
सहावा : कुलपे. डिस्कला बिटलॉकरसारखे कूटबद्ध संरक्षण असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवावी किंवा संरक्षण तात्पुरते काढावे. काही सॉफ्टवेअरचा परवाना संगणकाच्या विशिष्ट भागांशी बांधलेला असतो. डिस्क बदलली की ते नवे प्रमाणीकरण मागते. हीच ती हार्नेसची बांधणी. माळ बरोबर असूनही माग अडू शकतो.

३०/
मराठीला हा अनुभव विशेष आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली. तरीही पुढे बराच काळ मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटच्या खासगी संकेतांत टाइप होत राहिला. अशा फाइलीचा क्लोन एकही बाइट न चुकता झाला, तरी तो फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हेच दिसतात. म्हणून क्लोन झाल्यावर जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवणे हे वेगळे आणि आवश्यक काम उरते.

३१/
सातवा : पहिली सुरुवात एकट्या एसएसडीवर. क्लोन पूर्ण झाला की दोन्ही डिस्कांची ओळख-सही सारखीच असते. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर विंडोज त्यांपैकी एकीला बाजूला करते, किंवा संगणक जुन्याच डिस्कवरून सुरू होतो आणि मालकाला वाटते की नवी चालू आहे. संगणक बंद करून, जुनी डिस्क काढून, फक्त नवी जोडून सुरुवात करावी. नव्या माळेची परीक्षा जुनी माळ उतरवल्यावरच होते.

३२/
आठवा : ताडून पाहणे. जुना आणि नवा पुठ्ठा उजेडासमोर धरण्याचे काम आता 'हॅश' करते. फाइलीतल्या सर्व बिटांवरून गणिताने एक छोटा आकडा काढला जातो. एक बिट बदलला तरी आकडा पूर्ण बदलतो. दोन्हीकडचा आकडा जुळला की प्रत बरोबर. चालू विंडोजमधून घेतलेल्या क्लोनमध्ये संपूर्ण डिस्कचा आकडा जुळेलच असे नाही, कारण काही फाइली दर क्षणी बदलतात; तिथे निवडक महत्त्वाच्या फाइलींचा हॅश ताडावा आणि त्या प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात.

३३/
नक्कल खरी की खोटी, हा प्रश्न महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, असा दावा कैलास गोरंट्याल यांनी केला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरण पुराव्यात होते, पण न्यायालयापुढे आल्या त्या त्याच्या सीडी, म्हणजे नकला. पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचे प्रमाणपत्र त्यांच्यासोबत नव्हते. याचिकाकर्त्यांनी ते मागूनही त्यांना मिळाले नव्हते.

३४/
मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये ती निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व स्पष्ट केले : मूळ उपकरणच न्यायालयात सादर होत असेल तर प्रमाणपत्र लागत नाही, नक्कल सादर होत असेल तर ते अनिवार्य आहे. या प्रकरणात इतर पुरावाही होता आणि प्रमाणपत्रासाठी शक्य ते सर्व प्रयत्न झाले होते, म्हणून अपील फेटाळले गेले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील प्रमाणपत्रात तर हॅशचा आकडाच लिहावा लागतो.

३५/
नववा आणि शेवटचा : मूळ लगेच पुसू नये. नव्या एसएसडीवर काही आठवडे रोजचे काम निर्विघ्न होऊ द्यावे, मगच जुन्या डिस्कचा विचार करावा. एसएसडीविषयी एक गोष्ट कमी सांगितली जाते. तिच्यातली माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार हळूहळू गळतो. उद्योगाच्या मानकानुसार साध्या एसएसडीने, लेखनक्षमता पूर्ण वापरून झाल्यावरही, वीज नसताना ३० अंशांवर एक वर्ष माहिती टिकवावी. उष्णता वाढली की हा काळ घटतो. सोलापूरचा पारा उन्हाळ्यात ४० च्या वर जातो, तेव्हा एसएसडी कपाटात ठेवून वर्षानुवर्षे विसरणे इष्ट नाही. काढून ठेवलेली जुनी हार्ड डिस्क अशा वेळी दुसरी प्रत म्हणून उपयोगी पडते.

३६/
क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे, हेही इथेच नोंदवावे. क्लोन त्या दिवशीची अवस्था दाखवतो. दुसऱ्या दिवशी काढलेली नक्षी त्यात नसते. शिवाय मूळ डिस्कवर विषाणू असेल तर तोही इमानाने उतरतो, जसे फाटलेले छिद्र नव्या पुठ्ठ्यावर उतरते. नियमित प्रती वेगळ्या घ्याव्यातच.

३७/
पुठ्ठ्याची माळ, हस्तलिखित पोथी, न्यायालयातली सीडी आणि संगणकाची डिस्क या चार ठिकाणी नियम एकच निघतो. मूळ जपावे, दिशा नीट पाहावी, प्रत ताडावी, आणि प्रत प्रत्यक्ष चालल्याखेरीज मूळ हातावेगळे करू नये. सोलापूरच्या ज्या कार्यालयात आजही जुन्या संगणकावर चादरीच्या नक्षी पडून आहेत, तिथे हे काम डिस्क चालू असतानाच करावे लागेल. बंद पडलेल्या डिस्कची नक्कल घेता येत नाही.

(समाप्त)